येथे गर्दी नसते

११ एप्रिल

ती. ताई,

हे पत्र उघडण्याआधी दोन तास उन्हात टाकायचं, असं पाकिटाच्या मागे लिहिलंय. ते न वाचताच उघडलं असशील तर आता इलाज नाही. हात धू आणि पुढे वाच.

मी फोन करत नाही म्हणून तू रुसलीस, हे मास्तरणीकडून कळलं. अगं, एकवीस वर्षं पंपहाऊसमध्ये फिटरकी केली, कान पंपांनी खाल्ले. फोनवर तुझं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं येतं, आणि मी उत्तर दिलं की शेजारी खिडक्या लावून घेतात. उगाच नाही तू मला भोंगा म्हणत. तेव्हा पत्रच बरं.

इथे भीती आहे. समोरच्या शिंप्याला परवा पांढऱ्या पोशाखातली माणसं घेऊन गेली आणि दाराला पट्टी चिकटवून गेली. त्याच्या यंत्रावर एक बाही अर्धी शिवलेली आहे. आमच्या खिडकीतून दिसते. मास्तरीण म्हणते, पडदा ओढा. मी ओढतो, आणि ती तास-दोन तासांनी स्वतःच सरकवून बघते.

तिचं तुला माहीतच आहे. आमच्या लग्नाआधीच्या त्या क्षयानं डावं फुफ्फुस नुसतं नावाला ठेवलंय. डॉक्टरांचा हुकूम आहे, रोज मोकळ्या हवेत पाऊण तास चालायचं. चाललं नाही की छातीत साठतं, आणि तिथे आता साठायला जागा नाही. मास्क लावून चालली की तिसाव्या पावलाला ओठ निळे पडतात. मास्क काढायचा तर जवळ माणूस नको. सरकार म्हणतं, घरापासून एक किलोमीटर, एक तास. म्हणजे चालायला तर हवं, लांब जायचं नाही, आणि माणूस तर दिसता कामा नये. मी म्हटलं, बाई, तुला स्मशानातच फिरवून आणतो. ती हसली. मग खोकली. मग मला वाटलं, कुठून विनोद केला.

पण सापडली जागा. जुनी वीटभट्टी आठवते? तिच्या मागे माती काढून काढून खड्डा झाला होता, त्याचं आता तळं झालंय. कुंपणाचा एक पत्रा निखळलाय, तिथून आत जाता येतं. सभोवार पायवाट, मधे पाणी, काठाला पाणकणीस. कोणी म्हणता कोणी नाही. पहिल्या दिवशी ती बारा पावलं चालली, बसली, पुन्हा बारा चालली. मी मागे दहा हातांवर. आमची पाळी चालू असते, पंपहाऊसमध्ये आठ जण येतात-जातात, म्हणून मी बाहेरच्या खोलीत झोपतो आणि तिच्याजवळ जात नाही.

एकच पंचाईत आहे. तिचा श्वास मला ऐकू येत नाही. तो मला बघावा लागतो. दारात उभा राहून पांघरूण वरखाली होतंय का ते पाहतो.

तुझा धाकटा


१९ एप्रिल

प्रिय भोंगा,

पत्र उन्हात टाकलं, वरून इस्त्रीही फिरवली. तुझं अक्षर मात्र सरळ झालं नाही.

माझं म्हणशील तर मी ठीक आहे, म्हणजे सगळे म्हणतात तेवढी ठीक आहे. चौथ्या मजल्यावरून लिफ्टनं उतरते. बटण काडेपेटीतल्या काडीनं दाबते आणि काडी खाली टाकते. आमच्या लिफ्टच्या दाराशी काड्यांचा असा ढीग आहे की कोणाला वाटावं, इथे कोणी इमारत पेटवायचा सराव करतंय.

माहिती कार्यालय चालू आहे. माहिती ही अत्यावश्यक सेवा आहे, असं आमच्या साहेबांनी वरून लिहून आणलं. टेबलांमध्ये प्लास्टिकचे पडदे लावलेत, त्यामागून साहेब बोलतात ते नाटकातल्या भुतासारखे वाटतात. गेल्या महिन्यात मी ‘घरातच राहा’ हे एक वाक्य अकरा प्रकारे लिहिलं. बारावा प्रकार मागितला तेव्हा मी म्हटलं, साहेब, आता नुसता दरवाजा छापू या.

हसतेय, पण टपालाच्या बाईंची खुर्ची सोमवारपासून रिकामी आहे. त्यांचं काय झालं, कोणी विचारत नाही. त्यांचा चष्मा टेबलावर उघडाच पडलाय आणि आम्ही सगळे त्या टेबलाला वळसा घालून जातो. माझा घसा रोज सकाळी दुखतो आणि चहा प्यायल्यावर थांबतो. तेवढ्या वेळात मी माझी सगळी व्यवस्था मनात लावून टाकलेली असते.

म्हणून तुझं तळं वाचून फार बरं वाटलं. माझ्या खिडकीतून पाण्याच्या टाक्या दिसतात, दुसरं काही नाही. मला सगळं नीट लिही. कुठून शिरायचं, कुठे वळायचं, काय काय दिसतं. मास्तरीणबाई किती पावलांवर आल्या? डोळे मिटून मीही मागे दहा हातांवर चालेन.

ताई


२७ एप्रिल

ती. ताई,

चल तर. बसथांब्यावरून वीटभट्टीची चिमणी दिसते, तिच्याकडे तोंड कर. कुंपण लागलं की डावीकडे. चौथा पत्रा ढिला आहे, तो उजव्या हातानं ओढायचा. आत गेलीस की पहिल्यांदा फुटक्या विटांचा ढीग लागतो. तिथे जप, मास्तरीण एकदा घसरली. मग लगेच पाणी.

टिबुकल्यांची एक जोडी आहे. मुठीएवढा पक्षी, बुडी मारतो तो भलतीकडेच वर येतो. मास्तरीण बोट दाखवून पैज लावते, इथे येईल म्हणून. रोज हरते. पाणकोंबडी आहे, तिची चार पिल्लं काजळीसारखी काळी. खंड्या एक. ती मला हातानं खुणा करून सांगते, आता हा ओरडला, आता तो ओरडला. मला ऐकू काहीच येत नाही, पण बघून कळतं की गोंगाट बराच असावा.

आता आम्ही एकटे नाही. एक निवृत्त पोस्टमास्तर कुत्र्याला घेऊन येतात, दोघी म्हाताऱ्या बहिणी येतात, आणि दूधवाला येतो, तो नुसता बसतो. मी पंपहाऊसमधली एक जुनी लाल पाटी आणून पत्र्याला टांगली. आमच्याकडे कोणी पाइपात उतरला की वॉल्व्हवर ती लावतात: ‘माणूस आत आहे. उघडू नये.’ आता जो आत जातो तो पाटी सरळ करतो, बाहेर येताना उलटी करतो. पाटी सरळ असली की दुसरा माणूस बसथांब्यावर थांबतो. कोणी कोणाला शिकवलं नाही. पोस्टमास्तर तर पाटी सरळ असली की कुत्र्यालाही दाखवतात.

बातमी ऐक. मास्तरीण काल अर्धी फेरी न बसता चालली. तीनशे दहा पावलं. ती मोजत होती आणि मीही मोजत होतो, माझी तीनशे चौदा भरली. यावर रस्ताभर भांडण झालं आणि भांडताना तिला धाप लागली नाही! पाच वर्षांत पहिल्यांदा.

फक्त परवा एक माणूस पाटी न बघता आत आला. अनोळखी. खोकत होता. मास्तरणीनं पदर नाकाला लावला आणि पाण्याच्या इतकी कडेला गेली की मला वाटलं, आता पडते. पंधरा दिवस आम्ही दिवस मोजणार. आज तिसरा.

तुझा धाकटा


६ मे

प्रिय भोंगा,

तुम्हा दोघांना एक भेट पाठवतेय. इस्त्री करू नकोस, गुळगुळीत कागद आहे, चिकटेल.

झालं असं की आता जिल्ह्यातल्या जिल्ह्यात फिरायला परवानगी निघालीये, आणि पहिल्याच दिवशी अर्धा जिल्हा मोठ्या बागेत लोटला. साहेब पडद्यामागून म्हणाले, “बाई, लोकांना विखरायला हवं. कमी गर्दीची पाच ठिकाणं शोधा आणि घडीपत्रिका काढा. सकारात्मक हवी. तुमच्या त्या दरवाज्यासारखी नको.” चार ठिकाणं फायलीतच होती, मेलेली. पाचव्यासाठी तीन दिवस अडले. मग तुझं पत्र घेऊन बसले आणि दहा मिनिटांत लिहून मोकळी झाले.

उघड आणि मागच्या पानावर बघ:

‘घराजवळील निसर्ग : जबाबदारीने आनंद घ्या. ठिकाण पाचवे. जुन्या वीटभट्टीमागील तळे. टिबुकली, खंड्या, पाणकोंबडी व तिची पिल्ले. निवांत पायवाट. प्रवेश कुंपणातील चौथ्या पत्र्यातून. येथे गर्दी नसते.’

तुमचं नाव नाही, घराचा पत्ता नाही, ती काळजी घेतलीये. मास्कचं, अंतराचं, कचऱ्याचं सगळं पहिल्या पानावर ठळक अक्षरात आहे. साहेब चक्क म्हणाले, “यात जीव आहे.” एकवीस वर्षांत पहिल्यांदा. चाळीस हजार प्रती निघाल्या, शनिवारच्या वर्तमानपत्रातून घरोघर जाणार. मास्तरीणबाईंना म्हणावं, तुमची पाणकोंबडी छापून आली.

त्या खोकणाऱ्या माणसाचे दिवस किती झाले? मी इथे भिंतीवर रेघा ओढतेय. माझ्या हिशेबानं आज बारावा.

ताई


१९ मे

ताई,

घडीपत्रिका मिळाली. त्याआधी तिचे वाचक मिळाले.

शनिवारी मी आठ वाजता गेलो तर बसथांब्यापर्यंत गाड्या. पत्रा कोणीतरी काढून बाजूला उभा केला होता, बायकांना साडी अडकू नये म्हणून. आत माणसं मोजली. एकशे चाळीसपर्यंत मोजली, मग सोडून दिलं. एकानं तुझा कागद हातात धरून मलाच विचारलं, “काका, पिल्लं कुठेत हो?” मास्क हनुवटीवर. मी ओरडलो, घरी जा म्हणून. तो म्हणाला, “सरकारनंच पाठवलंय.” लाल पाटीवर डबे मांडून एक कुटुंब खात होतं. मी मागितली तर म्हणाले, थांबा, संपू द्या. संध्याकाळी पाटी पाण्यात तरंगत होती. पाणकोंबडी पुन्हा दिसली नाही.

तेव्हापासून मास्तरीण घरात. आठ दिवस नुसती खोलीत फेऱ्या मारतेय. पलंग ते दार अकरा पावलं. चौथ्या दिवशी छाती घरघरायला लागली. मला ती घरघर ऐकू येत नाही, तिच्या खांद्यांवरून कळते.

पंपहाऊसमध्ये माझा जोडीदार रजेवर आहे, मला दुहेरी पाळी पडतेय. काल मी कामावर असताना ती उजाडताच एकटी तळ्यावर गेली. म्हणाली, एवढ्या लवकर कोण येणार. आले. सात जण, तुझी घडीपत्रिका घेऊन, पहाटेचे पक्षी बघायला. त्यांनी तिला फोटो काढायला सांगितलं. फोन तिच्या हातात दिला. कसा धरायचा ते दाखवायला दोघं तिच्या खांद्याशी येऊन उभे राहिले, आणि तिचा मास्क तेव्हा पिशवीत होता. तिला नाही म्हणता आलं नाही. मास्तरीण आहे ना, कोणी मदत मागितली की हात आपोआप पुढे होतो.

ताप नाही. अजून नाही. मी तिच्याजवळ गेलेलो नाही, बाहेरच्याच खोलीत असतो.

तू म्हणाली होतीस, डोळे मिटून मागून येईन. चाळीस हजार माणसं घेऊन आलीस.

धाकटा


२१ मे

भोंगा,

पत्र आत्ता मिळालं. उन्हात टाकलं नाही, इस्त्री केली नाही, जिन्यातच फोडलं.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, पाचवं ठिकाण मागे घ्या, तिथे एक बाई आहे तिला श्वास पुरत नाही. साहेब म्हणाले, “पण प्रतिसाद बघा ना! मोठी बाग निम्मी रिकामी झाली.” आकडे खरे आहेत. बाग रिकामी झाली. दुसरी आवृत्ती पन्नास हजारांची निघतेय.

मला काहीही म्हण. फक्त रोज ताप कळव. कार्डावर नुसता आकडा लिही, दुसरं काही नको. शेजाऱ्यांच्या फोनवरून कळवलंस तरी चालेल. बाहेरच्या खोलीतच राहा. तिला पालथं झोपव म्हणतात, श्वास सोपा होतो. खरं की खोटं मला माहीत नाही. मीच छापलंय ते.

ताई


२२ मे

ताई,

परवा संध्याकाळी १००.४. काल १०२. आज सकाळी ओठ निळे. अकरा वाजता गाडी आली. पांढऱ्या पोशाखातल्या मुलीनं तिला हात धरून नेलं, मला दारातच थांबवलं. मास्तरणीनं मागे वळून काहीतरी सांगितलं. तोंडावर मास्क होता. ती काय म्हणाली मला कळलं नाही.

तुझ्या कागदानं केलं हे. आता लिहू नकोस.


२७ मे

भोंगा,

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहितेय. इस्पितळात फोन केला. म्हणाले, नातं काय? मी म्हटलं, नणंद. म्हणाले, जवळच्या माणसालाच सांगतो. मी म्हटलं, त्या जवळच्या माणसाला फोनवर ऐकू येत नाही. मग एका मुलीनं एवढं सांगितलं, मशीनवर आहे, स्थिर आहे. स्थिर म्हणजे काय? आमच्या ऑफिसात नवं काही सांगायचं नसलं की आम्ही तो शब्द वापरतो.

तू कसा आहेस? तुझी तपासणी झाली का? जेवतोस का?

ताई


२ जून

भोंगा,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझ्या जागी मीही दिलं नसतं.

तरी एक सांगते, दुसरं कोणाला सांगण्यासारखं नाही. दुसऱ्या आवृत्तीचं प्रूफ माझ्याकडे आलं. तळ्याचा मजकूर काढायचा अधिकार मला नाही. मी काढला. जागा रिकामी राहिली तेव्हा मनात एक घाणेरडा विचार आला, आणि मी तो टाइपही केला: ‘ठिकाण पाचवे. नदीकाठच्या सरकारी बंगल्यामागील बाग. जुने वृक्ष, बाके, सावली. येथे गर्दी नसते.’ साहेबांचा बंगला. म्हटलं, येऊ देत एकशे चाळीस. काढू देत फोटो.

वाचून फार बरं वाटलं. छापखान्याची गाडी खाली उभी होती. मग आठवलं, त्या बागेत साहेबांची आई बसते. ऐंशी वर्षांची, गुडघ्यावर शाल, उन्हाच्या मागे मागे खुर्ची सरकवत. ती ऑफिसात एकदा आली होती तेव्हा तिनं मला विचारलं होतं, तुम्ही काय लिहिता?

पुसलं. मग प्रत्येक जागेचा विचार करून पाहिला. ओढा, टेकडी, रेल्वेच्या बाजूचं रान. प्रत्येक ठिकाणी मला कोणीतरी बसलेलं दिसायला लागलं, आणि ते माझ्याकडे बघत होतं. शेवटी ‘ठिकाण पाचवे’ एवढंच ठेवलं आणि खाली कोरं. पन्नास हजार प्रती तशाच निघाल्या.

काल कारणे दाखवा नोटीस मिळाली. इतक्या नोकरीत पहिल्यांदाच दाखवण्यासारखं कारण माझ्याकडे आहे, आणि ते मी त्यांना दाखवणार नाही.

एक आकडा पाठव. कसलाही.

ताई


८ जून

ती. ताईंस,

नाकात नळी आहे, म्हणून अक्षर तिरपं येतंय, मार्क कापू नका. मशीन निघून पाच दिवस झाले. इथल्या नर्सनं कागद दिला. ती तो आधी खिडकीत वाळवणार आणि मग टाकणार, तरी तुम्ही हात धुवा.

तुमची पत्रं ह्यांनी नर्सच्या हाती मला दिली. मला ती दोनदा वाचावी लागली, मधे मधे दमत होते. आता तुम्ही वाचा, आणि शेवटपर्यंत वाचा.

हे सहा तारखेला काचेपलीकडे आले. त्यांना ऐकू येत नाही, मला बोलवत नाही, तेव्हा भेट कशी झाली असेल ते बघा. मी खुणेनं विचारलं, रडताय का? त्यांनी खिशातून कागद काढला आणि काचेला लावला. ‘मी आणला.’

त्यांचा पंपहाऊसमधला जोडीदार रजेवर नव्हता, ताई. बारा मेला ताप घेऊन घरी गेला. दोघं एकाच केबिनमध्ये बसायचे, पाळीचा चहा एकत्र. ह्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर घराला पट्टी लागली असती, मला घेऊन गेले असते, असं त्यांना वाटलं. आणि चौदा तारखेला मी दुपारी पडले होते, छाती भरलेली, पडदा ओढलेला. दारातून त्यांना पांघरूण हलताना दिसेना. ते आत आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. श्वास आहे का ते हातानं बघायला. मग तसेच बसले, तासभर पाठ चोळत. मला इतकं बरं वाटलं की मीही जा म्हटलं नाही. नंतर तपासणीत त्यांच्यातही रोग निघाला. त्यांना साधी शिंकसुद्धा नव्हती.

आता तारखा बघा. पाठ चोळली चौदाला, फोटो अठराला, ताप विसाला. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, खात्रीनं कोणीच सांगू शकत नाही, पण दोन दिवसांत सहसा येत नाही, पाच-सहा दिवस धरा. तुम्ही दोघं बहीणभाऊ एकाच चुकीसाठी वेगवेगळ्या कोपऱ्यांत कान धरून उभे आहात. माझ्या वर्गात मी हे चालू देत नाही.

तुमचं काही चुकलं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. तळं तुम्ही घालवलंत. पालिकेनं आता तिथे सगळीकडून पत्रे ठोकलेत, हे काचेपलीकडून ह्यांनी ओरडून सांगितलं, पूर्ण वॉर्डाला कळलं. दूधवाला कुठे बसत असेल, दोघी बहिणी कुठे जात असतील, माहीत नाही. ते गणित तुमचं. तापाचं तुमचं नाही. दोन्ही एकाच उत्तरात घालू नका.

दहा-बारा दिवसांत सोडतील. चालावं लागेल, नाहीतर पुन्हा साठेल. पुन्हा एकदा असं झालं तर काय, ते डॉक्टर मला नाही बोलले, नर्सला बोलले. पण माझे कान चांगले आहेत.

ह्यांना तुम्हाला लिहायचं आहे. दोनदा बसले आणि उठले. मी लिहिलंय हे त्यांना कळू देऊ नका.

तुमची,
मास्तरीण


१३ जून

प्रिय भोंगा,

इस्पितळातून कळलं, मशीन निघालं. फोनवरच्या मुलीनं सांगितलं. तिला बिचारीला दया आली असावी.

तू लिहीत नाहीस म्हणून मी रागावलेले नाही. तुझ्या बावीस तारखेच्या पत्रातला एक शब्द मागे घेऊ नकोस. कधीतरी घ्यावासा वाटेल, काहीतरी सांगावंसंही वाटेल. तर सांग, नाहीतर नको सांगू. मला तू चौथीत असल्यापासून ओळखता येतोस. कपाटाची काच फोडून मग कपाटाशेजारीच उभा राहायचास, कोणी विचारण्याची वाट बघत. मी तेव्हाही विचारायचे नाही. आईला सांगायचे, वारा होता.

माझी बदली झाली. नोटिशीचं उत्तर मी दिलं नाही, तेव्हा आता अभिलेख कक्षात बसते. जुनी कागदपत्रं, धूळ, एक पंखा. तिथे मी काही लिहायचं नाही, फक्त सांभाळायचं. योग्य माणूस योग्य जागी पोचायला एवढा मोठा साथीचा रोग यावा लागला.

दोष म्हणशील तर तो इकडेच राहू दे. घरात दोन खोल्या आहेत, माझ्या एकटीच्यानं भरत नाहीत. तू पंप सांभाळ आणि तिला सांभाळ. दारातून दिसत नसेल तर जवळ जाऊन बघ. श्वास बघायचाच असतो.

ती घरी आली की तुम्हाला पुन्हा जागा शोधावी लागेल. तू शोधशील, तुझ्यासारख्याला सापडते. कोणा विटांच्या मागे, कोणा पाइपलाइनच्या कडेनं, जिथे सकाळी अजून कोणी गेलेलं नसेल. सापडली की मला लिहू नकोस. मी विचारलं तरी नको, गोड बोलून विचारलं तर मुळीच नको. पक्षी कोणते, झाडं कोणती, वळायचं कुठे, काही नको. कार्डावर दोन शब्द टाक: ‘आज चाललो.’

कुठे, ते मला कधीच कळता कामा नये.

ताई